तपकिरी बाटलीचं कारण

काचेच्या कारखान्यात बाईंना सगळे ‘भिंग’ म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं त्या तपासणीच्या पट्ट्यापाशी एका उंच स्टुलावर बसल्या होत्या. समोर पांढरा उजेड आणि उजेडापुढून सरकणाऱ्या रिकाम्या बाटल्या. केसाएवढी चीर दिसली, गळा वाकडा वाटला, की बाटली उचलायची आणि मागच्या पिंपात टाकायची. तिथे ती फुटायची आणि पुन्हा भट्टीत जायची. निम्म्याहून जास्त बाटल्या बिअरच्या असत. पण भिंगबाईंनी बिअर कधी जिभेला लावली नव्हती. नवरा शिंपी, चहापलीकडे कशाच्या वाटेला न जाणारा.

निवृत्तीच्या दिवशी मोठे साहेब भाषणात म्हणाले, “यांच्या नजरेखालून कोट्यवधी बाटल्या गेल्या.” टाळ्या झाल्या. बाईंच्या डोक्यात मात्र भलताच किडा वळवळू लागला. इतकी भांडी पारखली आणि त्यात काय भरतात त्याची चवही ठाऊक नाही. हे म्हणजे आयुष्यभर पाकिटं चिकटवायची आणि एकही पत्र वाचायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या देशोदेशीच्या बिअर ठेवणाऱ्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

“कोणती देऊ, मावशी?” दुकानदारानं विचारलं.

“ती. उतरत्या खांद्यांची, जाड तळाची.”

“लोक नाव सांगतात.”

“नावं मला येत नाहीत. बाटल्या येतात.”

घरी नवऱ्यानं झाकण काढून दिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. बाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मोरीत थुंकून आल्या. “कडू जहर आहे हो.”

“मग झालं समाधान?”

“समाधान कसलं? जगभर माणसं हे आवडीनं पितात. ती सगळीच वेडी असतील का?”

तिथेच ठरलं. वर्षभर, दर शनिवारी दुपारी चार वाजता, एक नवी बाटली. प्यायची अर्धा पेला, बाकीची मोरीत. नवऱ्यानं एकच अट घातली: “मी पिणार नाही. पण कशी लागते ते नीट सांगायचं.”

नीट सांगणं काही सोपं नव्हतं. पहिले चार शनिवार ‘कडू’, ‘जास्त कडू’ यांवरच गेले. शिंपी म्हणाला, “अगं, कापड काळं आहे एवढंच सांगितलं तर मी काय समजू? मऊ आहे, खरखरीत आहे, झिरझिरीत आहे?” त्यानंतर बाई घोट तोंडात धरून, डोळे मिटून बसू लागल्या. जर्मनीची गव्हाची बिअर पिकल्या केळ्यासारखी निघाली, मागून लवंग. बेल्जियमची एक इतकी आंबट, की त्यांचे दात शिवशिवले. तरी दुसरा घोट त्यांनी आपणहून घेतला. एक काळी बिअर करपलेल्या पावाच्या कडेसारखी होती. एका शनिवारी झाकण उघडताच घरभर धुराचा वास सुटला. शिंपी धावत विजेच्या बटणांपाशी गेला, वायर जळतेय म्हणून. ती बिअर धुरावर वाळवलेल्या धान्याची आहे, हे सोमवारी दुकानदारानं सांगितलं.

नणंद एकदा अचानक आली आणि खिडकीत ओळीनं मांडलेल्या बाटल्या बघून दारातच थबकली. “वहिनी, या वयात ही काय थेरं? लोक काय म्हणतील?”

“विचारून बघा आणि मलाही सांगा,” बाई म्हणाल्या. “मी सध्या बिअर काय म्हणते ते ऐकतेय.”

नणंदेनं नाक मुरडलं. पण जाताना काळ्या बिअरचा वास घेऊन गेली.

सहाव्या महिन्यात पांढऱ्या, पारदर्शक काचेची बाटली आली. बाईंना ती घाटदार वाटली होती. पण पेल्यात ओतली तर जळक्या रबरासारखा वास. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “ती तशीच असते, मावशी.” एवढ्यावर गप्प बसेल ती भिंग कसली? ही बाटली दुकानात उन्हाच्या बाजूला मांडलेली असते, हे त्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या शनिवारी त्यांनी तपकिरी बाटलीतली चांगली बिअर दोन काचेच्या पेल्यांत ओतली आणि वर बश्या झाकल्या. एक पेला उन्हात ठेवला, दुसरा कपाटात. अर्ध्या तासानं उन्हातल्याला तोच घाण वास.

“ऊन लागून तापली म्हणून असेल,” शिंपी म्हणाला.

शंका रास्त होती. बाईंनी तशीच दुसरी बाटली उघडली. या वेळी दोन्ही पेले उन्हात ठेवले. फक्त एकाला शिंप्यानं अस्तराच्या काळ्या कापडाचे तीन वेढे घालून टाके मारले. उरलेली बिअर तपकिरी बाटलीतच बूच लावून शेजारी ठेवली. अर्ध्या तासानं त्यानं डोळे मिटले आणि बाईंनी एकेक भांडं त्याच्या नाकाशी धरलं.

“हे ठीक. हेही ठीक.” तिसऱ्याला त्यानं मान झटकली. “हे बाजूला घे.”

ते उघड्या काचेचं होतं. तिन्ही सारखीच कोमट झाली होती.

बाई खुर्चीत बसल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी मुकादमाला विचारलं होतं, की बाटली धडधाकट असताना केवळ तपकिरी रंग फिका म्हणून का फोडायची? मुकादम म्हणाला होता, “का ते विचारू नकोस. काढ.” त्या काढत राहिल्या. प्रत्येक वेळी मनात हळहळायच्या, की चांगली वस्तू वाया गेली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “त्या बाटल्या मी उगाच नाही फोडल्या.”

शिंप्यानं त्यांच्याकडे पाहिलं. एवढं हसू त्यानं निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

दुकानदार आधी ऐकेना. उन्हातल्या बाटल्यांमुळे दुकानाला शोभा येते, असं त्याचं म्हणणं. बाईंनी दोन पेले त्याच्या नाकाखाली धरले, तेव्हा त्यानं निमूटपणे सगळी फळी आतल्या भिंतीला हलवली. पुढे कारखान्यातल्या नव्या तपासनीस मुलींनाही बाईंनी हाच प्रयोग करून दाखवला. मुकादम आता नवा होता. तो मुलींच्या मागे उभा राहून ऐकत होता.

वर्षभरात एकोणपन्नास बाटल्या झाल्या. तीन शनिवार लेकीच्या बाळंतपणात गेले. आवडल्या म्हणाव्यात अशा चारच. व्यसन लागलं नाही, शिंप्यानं शेवटपर्यंत घोट घेतला नाही. वर्ष सरल्यावर एका नव्या तपासनीस मुलीचा फोन आला: “बाई, काही बाटल्यांचा तळ आत फुगीर का असतो?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या आणि चप्पल शोधू लागल्या. “थांब, कुणाला तरी विचारते.”