डिंडोलीच्या स्टुडिओतलं लग्न

पारोळ्याकडच्या एका खेड्यातून काशिनाथ सुरतेला आला तो कबड्डीच्या जोरावर. पांडेसरात कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याचा स्वतःचा संघ होता आणि त्या संघाला डावा कोपरा सांभाळणारा माणूस हवा होता. काशिनाथने चढाईला आलेल्याचा घोटा एकदा धरला की तो सुटत नसे. कारखान्यात हलकं काम मिळालं, नवागामात खोली मिळाली, भागीरथी आली आणि त्या खोलीचं घर झालं.

पुढे एका सामन्यात उजवा गुडघा गेला. वर्षभरात संघही मोडला. मालकाने कामावरून काढलं नाही, पण घडीखात्यात उभं केलं. मैदानावर चारी बाजूंनी नावाने हाका ऐकलेला माणूस दिवसभर कापडाचे ताके रचू लागला. तिथे कोणी त्याला हाक मारत नसे, आणि हे त्याला दुखऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त सलायचं.

अशात रामदासशेठ भेटले. शेठ मूळचे धुळ्याकडचे. डिंडोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंगही करत. ते म्हणाले, "तुला अख्खं नवागाम ओळखतं. ताके काय रचत बसलास? माझ्याकडे ये, ऑर्डरी आण."

काशिनाथ गेला आणि रमला. ऑर्डरी आणता आणता कॅमेरेवाल्याने कुठल्या लग्नाला जायचं, दिवे कोणी न्यायचे, हे सगळं तोच ठरवू लागला. संघात कोणाला उतरवायचं आणि कोणाला बसवायचं हे ठरवण्यासारखंच ते काम होतं. शेठने त्याला मॅनेजर केलं. मग त्याने शेठच्या मागे एक टुमणं लावलं. आपली माणसं हिंदी आणि गुजराती सिनेमाच्या कॅसेटी भाड्याने आणतात, मग आपल्या अहिराणीत एक सिनेमा आपणच का काढू नये? शेठ तीन दिवाळ्या नाही म्हणाले आणि चौथ्या दिवाळीला हो म्हणाले. ही गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवची.

नायक मिळाला ललित, मागावर काम करणारा देखणा पोरगा. नायिका जयश्री ही घरी बसून साड्यांना लेस लावायची. दुसऱ्या नावाने हाक मारली तर दोघंही वळून बघत नसत, म्हणून सिनेमातही नावं ललित आणि जयश्रीच ठेवली. शूटिंग फक्त कारखान्यांच्या सुट्टीला व्हायचं, त्यामुळे काम लांबत गेलं. शेवटी राहिलं ते लग्न. शेठचा धीर तेवढ्यात संपला.

"या सुट्टीला लग्न झालं तर झालं," ते म्हणाले. "नाही तर हा खेळ बंद. कॅमेरा पुन्हा लोकांच्या लग्नांना लागेल. आणि मॅनेजर कशाला लागतो मग? तू आपला ऑर्डरी आण."

काशिनाथने मान हलवली. एकदा तो मैदानाबाहेर बसला होता. दुसऱ्यांदा बसायची त्याची तयारी नव्हती.

लग्न म्हटलं की वऱ्हाड हवं. नुसतं बोलावलं तर माणसं हो म्हणतात आणि सुट्टीच्या दिवशी झोपून राहतात. पत्रिका दिली की मात्र खान्देशी माणूस येतोच, मग तो सुरतेत असो की गावाला. म्हणून काशिनाथने चक्क पत्रिका छापल्या. वर गणपती, खाली ललित आणि जयश्री, स्थळ स्टुडिओमागचं पटांगण. घरोघरी आणि कारखान्यांत देताना "सिनेमाचं आहे बरं का" असं तो सांगायचा. पण मागांच्या खडखडाटात लोकांनी सांगितलेलं सोडलं आणि छापलेलं धरलं.

त्या दिवशी मांडवात पाऊल ठेवल्याबरोबर काशिनाथच्या लक्षात आलं की आपल्या हातून काय झालंय. बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. पुरुषांच्या हातात टॉवेल-टोपीचा आहेर होता. कोणी नाव घातलेली कळशी आणली होती. धुडकूबाबा नावाचे एक म्हातारे थेट आचाऱ्याची चौकशी करत होते. "वरण-बट्टी कथी शे? माले वासच नही येत!"

तेवढ्यात जयश्रीचे वडील सुकलाल पत्रिका हातात धरून तावातावाने आले. "काशिनाथभो, हाई काय करं तू? मनी पोर कुंवारी शे. अख्खा नवागाममा तिना लगीननी पत्रिका फिरी ऱ्हायनी!"

"काका, सिनेमा आहे तो."

"सिनेमा ऱ्हावो का नाटक, अक्षता त्या अक्षताच! डोकावर पडन्यात का लगीन लागी गयं. मंग शिरपूरवाला पाव्हना येतीन तिले देखाले? चाल वं जयश्री, घर चाल."

जयश्री शालू नेसून, मुंडावळ्या बांधून उभी होती. ती वडिलांकडे बघेना आणि काशिनाथकडेही बघेना. रामदासशेठनी घड्याळ पाहिलं आणि कॅमेरेवाल्याला म्हणाले, "आवर रे. झाला सिनेमा."

सुकलालकाकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. स्वतःची मुलगी तशी उभी असती तर काशिनाथनेही तिला हात धरून नेलं असतं. त्याने मंगलाष्टकांसाठी आणलेला माइक हातात घेतला.

"मंडळी, ऐका. हे जयश्रीचं लग्न नाही. तिचं लग्न सुकलालकाका ठरवतील तिथे होईल आणि तेव्हा खऱ्या पत्रिका तुमच्या घरी येतील. ही पत्रिका छापली मी, चूक माझी. आज या पोरीच्या डोक्यावर अक्षतेचा एक दाणा पडणार नाही. काका, झालं समाधान?"

"मंग लगीन कोनं लागी?" सुकलाल जरा नरमून म्हणाले.

"ज्यांचं लागलेलं आहे त्यांचं. त्यांना पुन्हा अक्षता पडल्या तर बिघडतं कुणाचं? चेहरे दिसणार नाहीत, कॅमेरा पाठीमागून राहील. बोला, कोणतं जोडपं उभं राहतं?"

बायांमध्ये एकदम खसखस पिकली. ही तिला ढकलू लागली, ती हिला. पुढे होईना कोणीच. मग सरलाबाई नावाच्या शेजारणीने मागे लपलेल्या भागीरथीला दंडाला धरून ओढलं. "मॅनेजरनी बायको आठे शे ना! दुसरीले कसाले सांगतस?"

"माय वं!" भागीरथीने पदर तोंडाला लावला. "पोर दहावीले गई, आनि माय नवरी बनी ऱ्हायनी!"

"उभी राहा ना," काशिनाथ हळूच म्हणाला. "तू नाही आलीस तर सगळं गेलं."

भागीरथीने त्याच्याकडे पाहिलं. घडीखात्याच्या दिवसांत हा माणूस संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा, ते तिने पाहिलेलं होतं. तिने पदर कमरेला खोचला. "आन तो शालू," ती म्हणाली.

शालू जयश्रीनेच तिला नेसवला. ललितचा फेटा काशिनाथच्या डोक्यावर चढला, पण शेरवानी पाठीत बसेना. "नवरदेव फुगी गया!" मागून कोणीतरी ओरडलं आणि मांडव हसला. शेवटी वरून शेला पांघरला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, आणि वऱ्हाडाने अशा उत्साहाने अक्षता टाकल्या की कॅमेरेवाल्याच्या कॉलरमध्ये तांदूळ गेले. नंतर ललित आणि जयश्रीचे चेहरे वेगवेगळे, अंतरपाटाच्या अलीकडे आणि पलीकडे घेतले. त्या वेळी सुकलाल स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहून कुठे दाणा उडत नाही ना, ते बघत होते.

वऱ्हाड मात्र उपाशी जाईना. बायांनीच पटांगणात गोवऱ्या पेटवल्या, बट्ट्या भाजल्या, वरण आणि वांग्याची भाजी केली. पीठ-तूप शेठच्या खर्चाने आलं. आहेर परत न्यायला कोणी तयार नव्हतं. तो सगळा भागीरथीच्या ओटीत पडला. सुकलालनी आपली टॉवेल-टोपीही काशिनाथला दिली.

पंगतीत शेजारी बसून ते म्हणाले, "एक सांगस. पुढला पिच्चरमा लगीन ठेवूच नको. लगीन व्हयेल, लेकरंबाळं व्हयेल घर दाखाड."

काशिनाथने रामदासशेठकडे पाहिलं. शेठचा हात बट्टी कुस्करता कुस्करता थांबला होता. 'पुढला पिच्चर' हे शब्द त्यांनीही ऐकले होते. त्यांनी बट्टीवर तुपाची धार धरली आणि विचारलं, "काशिनाथ, लेकरंबाळं आणायची कुठून? तेही तूच बघशील ना?"

"बघतो की, शेठ," काशिनाथ म्हणाला आणि त्याने धुडकूबाबांना आणखी वरण वाढायला सांगितलं.