दाण्याचा पहिला चमचा

आमच्या घरात शेंगदाण्याला बंदी घातली ती मी. बहिणीचा थोरला सहा महिन्यांचा होता, गालांवर इसब उठलेला. अशा पोरांना दाणा बाधतो, असं मी कुठंतरी ऐकलेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून दवंडी पिटावी तसं जाहीर केलं, "दोन वर्षं या पोराला दाण्याचा वाससुद्धा लागता कामा नये!" कर्जतमध्ये हे म्हणजे मिठाला बंदी घालण्यासारखंच. भाजीत कूट, चटणीत कूट, उपवासाला तर कूटच कूट. पण मी कुटाचा डबा स्वतः मिरवत शेजारी पोचवला. काय तो माझा रुबाब!

दोन वर्षं सरली. भाच्यानं चिक्कीचा एवढासा तुकडा खाल्ला आणि बघता बघता ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. वाचला. पण दाणा आता त्याला बहुधा कायमचा वर्ज्य.

मग धाकटी आली. तिच्याही गालांवर तोच इसब. आमच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "या वेळी उलट करू. पोटातून लवकर ओळख झाली, तर शरीर दाण्याला वैरी समजण्याची शक्यता कमी होते. आख्खा दाणा नाही हं, घशात अडकेल. बारीक वाटून, पाण्यात पातळ करून. आणि पहिला चमचा माझ्यासमोर."

बहीण माझ्याकडे बघून म्हणाली, "उष्टावण मामाच करतो. तूच भरव."

दवाखान्याच्या बाकावर शेजारी नातवाला घेऊन एक आजी बसल्या होत्या. माझ्या हातातली वाटी बघून म्हणाल्या, "दानं चारायला डागदर लागतो व्हय? आमची पोरं मातीसकट शेंगा खायची."

"आजी, तुमचे पैलवान. आमची राजकन्या हाय," मी म्हणालो. सगळा बाक हसला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या, आणि त्यांच्यासमोर मी चमच्याचं टोक धाकटीच्या ओठांना लावलं. तिनं चाटलं, मिटक्या मारल्या. थोडा वेळ थांबून उरलेलं दिलं. बाई आत गेल्या. त्यानंतर दोन तास बाकावर नुसतं बघत बसायचं होतं.

जन्मभर मी बाक हसवत आलो. त्या दोन तासांत मला एक वाक्य सुचलं नाही. ती शिंकली, मी उठलो. तिनं डोळा चोळला, मी उठलो. हनुवटीवर लाल ठिपका दिसला तेव्हा थेट आत धावलो. बाईंनी ओल्या कापसानं पुसलं. लाळ होती.

आत गेलोच होतो, म्हणून विचारलं, "थोरल्याला तेव्हाच दिलं असतं तर?"

"तेव्हा आम्हीही थांबायलाच सांगायचो."

"म्हणजे चूक माझी नव्हती?"

"दिलं असतं तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही."

त्या चिडल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

धाकटीला काही झालं नाही. आता हे आठवड्यातून दोन-तीनदा, न चुकता. तेही शेजारच्या घरी, कारण आमच्या घरात थोरला आहे.

परतलो तर तो दारातच उभा. मिठी मारायला धावला. "थांब!" मी ओरडलो, आणि अंगणातल्या नळावर साबण घेऊन बसलो. तो लांबूनच बघत होता.

"मामा, तिला काय दिलं?"

"दाण्याचं पाणी."

"मग मला तेव्हा का न्हाई दिलं?"

हात धुऊन झाले होते. मी पुन्हा साबण घेतला.