चौकटीबाहेरचे हात

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईच्या आमवाताची तपासणी हल्ली मोबाइलवर होते आणि फोन मी धरतो. डॉक्टर म्हणतात, "काकू, मूठ मिटून दाखवा." तिची बोटं अर्ध्यावर अडतात. तेवढ्यात मी फोन तिच्या चेहऱ्याकडे वळवतो आणि सांगतो, "मिटते, डॉक्टर." मिटत नाही म्हटलं तर ते शहरात बोलावतील आणि माझी रजा जाईल.

डॉक्टर घरी पाहुणे म्हणून येणार असल्यासारखी आई तपासणीच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसते. पदराला पिन मी लावतो, केसही मीच विंचरतो, कारण तिचे हात वर जात नाहीत. मग ती पडद्याकडे बघून हसते.

"चहा झाला का तुमचा?"

"झाला काकू. छान दिसताय."

दवाखान्यात ती दारापासून खुर्चीपर्यंत चालत जायची, तेवढ्यात त्यांना सगळं कळायचं. आता त्यांना पावडर लावलेला चेहरा तेवढा दिसतो. याला म्हणे सोय म्हणायचं. दुखणं तिचं आणि सोय माझी, आणि वर ती सेवा म्हणून मिरवणाराही मीच. "मुलगा किती करतो," असं शेजारी म्हणतात, तेव्हा मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

परवा फोन ठेवल्यावर मी विचारलं, "फार दुखतंय का गं?"

ती म्हणाली, "तुझी रजा वाचली ना? मग झालं."

डॉक्टरांना खरं सांगून तिला त्यांच्यासमोर नेऊन बसवणं, एवढं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.