तेल उभं करणारे काका

“आज तेल उभं नाय राहिलं, तर तुमचं रॅकेट माळ्यावर आनि पीठ भज्यात,” मावशीने आतून बजावलं. ओटीवर तयारीला बसलेले काका, म्हणजे तिचे यजमान, मान वर न करता म्हणाले, “राहील गो. माझा शब्द नाय मोडत तेल.”

तारापूरच्या कारखान्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाइतका तेलावर जीव टाकणारा दुसरा कुणी अख्ख्या पालघर जिल्ह्यात नसेल. तेलात कॉर्नफ्लोअरचं पीठ कालवायचं, दोन चमच्यांमधून ते ओघळू द्यायचं आणि चमच्यांना डास मारायच्या रॅकेटची वीज जोडायची. बटण दाबलं की तेल घट्ट होऊन जागीच थांबतं. सोडलं की पुन्हा वाहतं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हापासून काका लग्नाच्या पंगतीत वरणाकडेसुद्धा आशेने बघतात. एकदा त्यांनी हेच तेल स्कूटरच्या शॉकअपमध्ये भरलं, वायर जोडली आणि रॅकेट मागे बसलेल्या मावशीच्या हातात दिलं. खड्डा दिसला की बटण दाबायचं, एवढंच तिचं काम. बेटेगावच्या पहिल्याच खड्ड्याला तिने रॅकेट टाकून दोन्ही हातांनी काकांना धरलं. ती रिक्षाने परतली. काका मात्र ठाम होते, “तेलाची चूक नाय. ऑपरेटर घाबरली.”

बोईसरला नोकरी लागल्यापासून मी नवापूरला त्यांच्याकडे राहते. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. चारचौघींत मराठी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. म्हणून मी नुसती बघते. प्रयोगाच्या सकाळीही बघितलं होतं. पीठ कडक वाळावं म्हणून काकांनी आदल्या दिवशी ते ताटात घालून सुकत्या बोंबलांशेजारी ठेवलं. संध्याकाळी बोंबील आत आले, पीठ बाहेरच राहिलं. दवाने त्याच्या गुठळ्या झालेल्या. काकांनी त्या बोटांनी फोडून तेच पीठ तेलात कालवलं, तेव्हाही मी नुसती बघत राहिले.

प्रयोग बघायला शेजारणी जमल्या. काकांनी बटण दाबलं. तडतड ठिणग्या उडाल्या, जळका वास सुटला, आणि तेल आपलं खुशाल ओघळत राहिलं.

“भावजी, भजी कवा मिलतील?” कुणीतरी विचारलं. सगळ्या हसल्या. मावशीने रॅकेटसाठी हात पुढे केला.

एरवी तेलाची बाजू घेऊन भांडणाऱ्या काकांनी या वेळी चमचे सदऱ्याला पुसले आणि वायर गुंडाळायला घेतली, अगदी सावकाश. ते इतके म्हातारे आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

सगळ्यांदेखत मी उभी राहिले आणि म्हणाले, “तेलाची चूक नाय. पीठ ओलं हाय. मावशी, तवा ठेव, मी गरम करून सुकवून देते.”