शिलाई उसवलेली पुस्तकं

विजयमाला मगदूम टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. माहेर जयसिंगपूरचं, लग्न होऊन कोल्हापूरला आल्या. दोन ट्रंककॉलच्या मधे कानाला हेडफोन आणि मांडीवर पुस्तक, अशी त्यांची निम्मी नोकरी झाली. नव्वदनंतर लोक परस्पर नंबर फिरवायला लागले, ऑपरेटरचं काम आटलं आणि बाईंना बिलाच्या खिडकीवर बसवलं. तिथं मान वर करायला फुरसत नसायची. मग वाचन घरी आलं. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं घ्यायची आणि कागदी बांधणी टिकत नाही म्हणून गंगावेशीतल्या आकाराम बाइंडरकडून कापडी पाठ लावून शिवून घ्यायची. मूलबाळ झालं नाही. शाहूपुरीतल्या दोन खोल्यांत एक भिंत पुस्तकांनीच भरली.

यजमान नेमगोंडा गुळाच्या अडत दुकानात होते. त्यांनी जन्मात पुस्तक हातात धरलं नाही. दोन हजार दोन साली त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. बाईंनी मुदतीआधीच नोकरी सोडली. उठवणं, पुसणं, भरवणं, यातच दिवस जायचा. जैनांच्या रीतीनं जेवण दिवस मावळायच्या आत उरकलेलं, त्यामुळं पुढची संध्याकाळ सरता सरत नसे. अशाच एका संध्याकाळी घरातली शांतता सोसेना, म्हणून त्या हातातली कादंबरी मोठ्यानं वाचायला लागल्या. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या नेमगोंडांनी मान वळवली. त्या थांबल्या तसा डाव्या हातानं गादीवर थाप मारून ते म्हणाले, "म्होरं."

तेव्हापासून रोज वाचन. दोन-तीन वर्षं अशी गेली. मग बाईंना ओळीतल्या शब्दाचा मधलाच भाग दिसेनासा झाला. चष्मा बदलला, फरक नाही. डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. चष्म्यानं हे सुधारणार नाही. आहे ते जपा."

घरी येऊन यजमानांना त्यांनी हे कळू दिलं नाही. पूर्वी वाचून दाखवलेलीच एक कादंबरी काढली, उघडून पुढ्यात धरली आणि आठवेल तसं सांगायला लागल्या. नाही आठवलं तिथं मनानं जुळवलं. पाचसहा दिवस निभावलं. एका संध्याकाळी नेमगोंडांनी थाप मारली.

"न्हाय... आसं न्हाय त्यात."

"मग कसं हाय?"

"त्यातला... भाऊ... येत न्हाय परत."

बाईंनी पुस्तक मिटलं. "मला दिसत न्हाय हो," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून वाचन थांबलं.

बहिणीची मुलगी ऐश्वर्या जयसिंगपूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिला कळलं तशी ती स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन आली. इंटरनेटवरून उतरवलेली मराठी पुस्तकं त्यात होती. अक्षर वाढवत वाढवत नेलं, तेव्हा कुठं नजरेच्या मधोमध पडलेल्या डागाच्या कडेनं शब्द दिसले. पडद्यावर जेमतेम चार ओळी मावत. पण पुस्तकं काय, तर अभंग, उपवासाचे पदार्थ आणि कुणाकुणाच्या जुन्या बोधकथा.

"ह्यात माझं एकबी पुस्तक न्हाय गं."

"तुझीच स्कॅन करून देते की, मावशी. पण एवढ्या घट्ट बांधणीचं पान काचेवर सपाट बसत न्हाय. शिलाई काढायला लागंल."

बाईंनी बरेच दिवस तो विषय काढू दिला नाही. शेवटी एका सकाळी शेजारणीला यजमानांजवळ बसवून, पिशवीत चार पुस्तकं घेऊन त्या रिक्षानं गंगावेशीत गेल्या.

आकारामनं पिशवी उघडून बघितली. "शिलाई तर दणकट हाय. काय बिघडलं, बाई?"

"बिघडलं न्हाय. उसवायची हाय."

"म्या शिवल्याली मीच उसवू व्हय?" त्याचा आवाज चढला. "लोकं फाटल्यालं शिवाय आणत्यात. तुम्ही धड हाय ते फाडाय आणलंया."

बाईंनी कारण सांगितलं. बोलता बोलता दम लागला म्हणून त्या फळीवर टेकल्या. आकारामनं पहिलं पुस्तक पुढ्यात ओढलं. कात्री चालवली तर पानांच्या कडा जातील म्हणून त्यानं सुईच्या टोकानं एकेक टाका उचलून दोरा ओढून काढला. सुटी पानं सुतळीनं बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

ऐश्वर्या रविवारी येऊन पानं स्कॅन करून लॅपटॉपवर टाकायची. कुठं पान तिरकं, कुठं तिचा अंगठा आलेला. संध्याकाळी वाचन परत सुरू झालं, पण पूर्वीचं नव्हे. अक्षर मोठं केल्यावर एका ओळीसाठीही पान आडवं सरकवावं लागायचं, तोवर दुसरी ओळ हरवायची. मांडीवर वजन नाही, किती वाचलं, किती उरलं, हाताला कळत नाही. भारनियमनात बॅटरी मधेच मान टाकायची. दीड पानात डोळ्यांतून पाणी यायचं. नेमगोंडा वाट बघत पडायचे. थाप मारायचं त्यांनी सोडून दिलं.

दोन हजार आठ साली, दिवाळीच्या आधी, ते गेले. तेव्हा एक कादंबरी निम्मी वाचून झाली होती.

ऐश्वर्यानं विचारलं, "उरलेली पानं स्कॅन करू का गं?"

"कर," बाई म्हणाल्या. "शेवट मलाबी आठवत न्हाय."

आता मोठ्यानं वाचायचं काही कारण नव्हतं, पण मनातल्या मनात वाचलं की ओळ जास्तच हरवायची. म्हणून दुपारी दार लोटून त्या मोठ्यानंच वाचत. एक पान झालं की लॅपटॉप मिटायचा, ओला रुमाल डोळ्यांवर घ्यायचा आणि पडून राहायचं. बरं वाटलं तर आणखी एक पान. नाहीतर उद्या.