आत्याचं गाव परराज्यात

नेवाशाच्या बन्सी साळवेची थोरली मुलगी जयमाला १९९४ साली बी.ए. झाली. तिला शिक्षिका व्हायचं होतं, त्यासाठी बी.एड. हवं होतं, आणि नगरच्या कॉलेजच्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं. आता पुढं काय, या विचारात घर बसलेलं असताना गीताबाईला, म्हणजे जयमालाच्या आईला, लंकाबाईची आठवण झाली.

लंकाबाई ही बन्सीची धाकटी बहीण. कर्नाटकात, बिदरला दिलेली. नवरा सहादेव रेल्वेत. तिकडं बी.एड.च्या जागा जास्त असतात, असं नेवाशात सगळेच म्हणत. त्यात सख्खी आत्या तिथली रहिवासी, मग भाचीलाही तिथलीच धरतील, हे घरात कुणालाच खोटं वाटलं नाही. बापलेक एस.टी.ने निघाले, लातूरला गाडी बदलली आणि बिदरला पोचले.

कॉलेजच्या कारकुनानं अर्ध्या कानडीत, अर्ध्या दखनी उर्दूत सगळं नीट समजावून सांगितलं. आत्या चालत नाही, मामा-काका चालत नाहीत. मुलगी स्वतः इथं शिकलेली हवी, नाहीतर आईबाप इथले हवेत. बन्सीनं जातीचा दाखला पुढं केला. तो महाराष्ट्राचा, इथल्या राखीव जागेला लागू होत नाही, म्हणून तो परत आला. बाहेरच्यांना थोड्या जागा होत्या, निव्वळ मार्कांवर, आणि त्या भरल्या होत्या.

दाखल्याचं बन्सीला फार लागलं. रस्त्यात तो म्हणाला, "इकडं येताना आमची जात काय एस.टी.तनं मधीच उतरली व्हय?"

संध्याकाळी सहादेवनं तोड काढली. त्यांना मूलबाळ नव्हतं. जयमालाला लहानपणीच दत्तक घेतल्याचं दाखवायचं, जुनी तारीख घालून. कागद करून देणारा माणूस त्याच्या ओळखीचा होता. यंदा नाही तर पुढच्या साली काम होईल. बन्सी खाली बघत म्हणाला, पोरीचं भलं होत असेल तर तो आडवा येणार नाही. लंकाबाईनं तर जयमालाचा हात धरलाच होता.

"कागदापुरतं कशाला?" ती म्हणाली. "मी खरंच लेक मानते हिला."

जयमालानं आधी बापाकडं, तिच्या दादांकडं, बघितलं. मग म्हणाली, "आत्या, तू म्हनशील तितकी वर्सं तुझ्या घरी राहीन. पन दादांचं नाव पुसून मला मास्तरीन न्हाई व्हायचं."

लंकाबाईनं हात सोडला. तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं, सकाळी वाटेला भाकरीही बांधून दिल्या, पण भाचीशी बोलली नाही.

परतीच्या गाडीत बन्सी म्हणाला, "तू व्हय म्हनली असतीस, तर मी सही केली असती."

"ठाव हाय," जयमाला म्हणाली. "म्हनूनच न्हाई म्हनले."

ते वर्ष तिनं गावच्या बालवाडीत पोरं सांभाळण्यात काढलं. आत्याला दोनदा पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. पुढच्या साली बिदरला आणखी एक कॉलेज निघालं. जयमालानं बाहेरची विद्यार्थिनी म्हणूनच अर्ज केला आणि तिला जागा मिळाली. पिशवी घेऊन ती थेट आत्याच्या दारात उभी राहिली.

लंकाबाईनं उंबऱ्यातनंच विचारलं, "जागा कशावर मिळाली?"

"मार्कांवर."

"मग माझं काय काम?"

"राहायला घर न्हाई, आत्या."

लंकाबाई मग दारातनं बाजूला झाली.

वर्षभर जयमाला तिथं राहिली. बाजारापुरती कानडी तिला आत्यानंच शिकवली, चुकली की हसत हसत. सरावाचे पाठ ती तिथल्या मराठी शाळेत घ्यायची. आदल्या संध्याकाळी लंकाबाईला समोर बसवून तोच पाठ म्हणून दाखवायची. आत्या अक्षरशत्रू, पण कंटाळा आला की तसं तोंडावर सांगायची, आणि जयमाला पाठ बदलायची.

१९९८ साली तिला राहात्याजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. हजर व्हायच्या दिवशी आईवडील सोबत होते, आणि बिदरहून लंकाबाईही आली होती. शिपायानं विचारलं, बाईंच्या आई कोण? गीताबाई काही बोलायच्या आत लंकाबाई तिच्याकडं बोट करून म्हणाली, "ही. मी आत्या."

तेवढं सांगून तिनं व्हरांड्यातल्या बाकावर गीताबाईला आपल्या शेजारी बसवून घेतलं.