माझं दुखणं लेकीला नको

शाळेतून फोन आला तेव्हा मी रांजणगावला कंपनीत होते, इन्स्पेक्शनच्या टेबलावर. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीला पाळी आलीय. पोटात फार दुखतंय. बाकावर आडवी केलीय, पण रडायची थांबत नाहीये. तुम्ही येता का?" हातातला पार्ट मी कुठल्या ट्रेमध्ये टाकला ते आजही आठवत नाही.

कारण ते दुखणं माझ्या ओळखीचं होतं. लग्नाआधीपासून पाळीच्या दिवसांत आतून कुणी कपडा पिळावा तसं पोट पिळून निघायचं. माहेरी, कवठ्याला, आई म्हणायची, "बाईला हे असायचंच. लेकरू झालं की थांबतंय." लेकरू झालं. दुखणं थांबलं नाही. मेडिकलमधून गोळी आणायची, गिळायची आणि शिफ्टला जायचं. एकदा कंपनीच्या बसमध्येच अंधारी आली आणि मी शेजारणीच्या मांडीवर कोसळले. मग शिरूरला डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली, चॉकलेट सिस्ट म्हणतात ती. एंडोमेट्रिऑसिस हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर, नको तिथं वाढतं, एवढं मला कळलं. गाठ म्हटल्यावर मी कॅन्सरच धरून बसले होते. तो नाही, हे पटायलाही वेळ लागला.

ऑपरेशन झालं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज चाला, झोपेची आबाळ करू नका, पालेभाज्या, कडधान्यं खा, तळलेलं कमी करा, दुखलं की शेक घ्या. "यानं आजार जाणार नाही बरं का," त्या म्हणाल्या, "पण त्रास कमी व्हायला मदत होईल." मी मळ्यापर्यंत चालायला लागले, कॅन्टीनमधला वडा सोडला. महिन्याचे ते दिवस निभायला लागले. पण त्यांचं एक वाक्य मनात रुतून बसलं. आईला असलं तर मुलीला होण्याची शक्यता थोडी जास्त असते.

आणि आता माझी लेक शाळेतल्या बाकावर पडली होती. गुडघे छातीशी घेतलेले, तोंड भिंतीकडे. दुखलं की मी अशीच निजते.

तिला निमोण्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ती बरी झाली, पण मी तिला डॉक्टरकडे नेलं नाही. डॉक्टरीणबाई 'हिलाही तेच आहे' म्हणाल्या तर, ही भीती. त्यापेक्षा आपणच आधी काहीतरी करू, असं वाटलं. घरातली बिस्किटं, फरसाण, कुरकुऱ्यांची पाकिटं मी बाहेर काढली. चहातली साखर बंद केली. सकाळी शाळेआधी तिला चालायला न्यायचे. तिचं कबड्डीचं खेळणं मात्र थांबवलं, पोटावर पडली तर काय म्हणून. ती जेवायला बसली की मी तिच्या ताटाकडे बघायचे आणि ती माझ्याकडे.

पुढच्या पाळीला विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई."

त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच. मला वाटलं, जमलं. मी देवापुढं दिवा लावला.

मग एका सुट्टीच्या दिवशी सासूबाई मळ्यातून लगबगीनं आल्या. "चल माझ्यासंगं. आरडाओरडा करू नको."

कांदे साठवायच्या चाळीमागं, रिकाम्या गोण्यांवर पोरगी पडली होती. कपाळ घामानं भिजलेलं. आवाज बाहेर फुटू नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडात कोंबलेला. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"मला का न्हाई सांगितलंस गं?"

तिनं बोळा काढला. "तुझं तोंड बघून मला भ्या वाटतं, मम्मी. तू अशी बघतीस, मला वाटतं मी मरणार हाय."

तिचा घाम पुसता पुसता मी रडायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "रडायचं मागनं बघू. आदी गाडी काढ."

हे ड्युटीवर होते. मीच स्कूटी काढली. पोरगी मधे, मागं सासूबाई तिला कवळा घालून. तिचे हात माझ्या पोटावर घट्ट होते आणि कळ आली की ती बोटं रुतवायची.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, "मला मम्मीसारखं झालंय का?"

"आत्ताच सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "सोनोग्राफी चांगली आली तरी आजार नाहीच असं म्हणता येत नाही. पण दुखणं कमी करता येतं, ते आजपासून करू." त्यांनी गोळी लिहून दिली, दुखायला लागताच काही खाऊन घ्यायची. पोरीनं कबड्डी बंद केल्याचंही सांगून टाकलं, तशा त्या माझ्याकडे वळल्या. "आणि हिला खेळू द्या. खेळण्यानं काही बिघडत नाही."

"हिला होऊ नये म्हणून काय करू?"

"खात्रीचा असा उपाय नाही. खाणं, झोप, व्यायाम चांगला ठेवा, त्याचा फायदाच आहे. पण दुखलं तर तिनं सांगितलं पाहिजे. तुम्ही इतकी वर्षं सांगितलं नव्हतंत."

सोनोग्राफीत काही निघालं नाही. गोळीनं बराच फरक पडला, पण दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं ठरलं.

आता ती मला सांगते. कधी शाळेतून बाईंच्या फोनवरून, कधी चुलीपाशी बसून. "आज दुखतंय, पण कमी हाय." मी "बरं" म्हणते, शेकायला पाणी ठेवते आणि पाठ फिरवूनच उभी राहते, तोंड सरळ होईपर्यंत. भीती गेलेली नाही. परवा ती कबड्डीहून गुडघा फोडून आली. मी आधी तिच्या पोटाकडेच बघितलं.

"गुडघा हाय गं मम्मी, गुडघा," ती म्हणाली आणि हळद मागायला आजीकडे पळाली.